पाणाड्याची जीभ

रणधीर दर दिवाळीला पुण्याहून माकणीला येतो आणि मला अडाणी ठरवून परत जातो. सहा वर्षं हा सोहळा चालू आहे. तो कंपनीत मोठा साहेब झाला, परदेशात हिंडला आणि येताना व्हिस्कीचं ज्ञान घेऊन आला. दिवाळी झाली की त्याच्या शेतातल्या पत्र्याच्या खोलीत भरदुपारी आमची बैठक बसते. तीन विलायती बाटल्या, नाजूक काचेचे ग्लास, एक जाणकार आणि एक अडाणी.

मी बलभीम, पाणाड्या. तळहातावर नारळ ठेवून लोकांच्या रानातनं फिरतो, नारळ उभा राहील तिथं बोर घ्या म्हणतो. दहातल्या सहांना पाणी लागतं. उरलेले चौघे मला बघून रस्ता बदलतात. जमिनीखालचं पाणी मला खरंच कळतं का, ते देव जाणे; पण तांब्यातलं कळतं. आसपासच्या कुठल्याही विहिरीचं पाणी जिभेवर ठेवा, कुणाच्या रानातलं ते सांगतो. लोक त्या जिभेकडे बघूनच माझ्या नारळावर विश्वास ठेवतात.

त्या जिभेची गेल्या वर्षी रणधीरनं वाट लावली. मोबाईल चालू ठेवून त्यानं मला ग्लास हुंगायला लावला. "बल्या, काय जाणवतंय? घाई करू नको. समुद्र, धूर, जुनं लाकूड..."

मी खरं ते सांगितलं. "ओल्या शेळीचा वास येतोय."

तो हसून हसून बाजेवरून खाली आला आणि तो व्हिडिओ त्यानं आमच्या दहावीच्या ग्रुपवर टाकला. वर्षभर मला लोक शेळीची चित्रं पाठवत होते. माझी बायको राजेश्वरी लग्नाला गेली, तर तिथं नवरीच्या मामानं तिला शेळीची खुशाली विचारली. हेही मी गिळलं असतं. पण आमच्या वर्गातल्या शिवपुत्रानं तो व्हिडिओ आपल्या वडलांना, हणमंतप्पांना दाखवला. अप्पा म्हणजे चाळीस एकरांचे मालक, यंदा चार बोर घेणार. त्यांनी मला बोलावून तोंडावर सांगितलं, "ज्याला दारूतला फरक कळंना, त्याला पाण्यातला काय कळतोय? यंदाचा व्हिडिओ बघतो, मग ठरवतो." आता अप्पांनी पाठ फिरवली की सगळा तालुका फिरवणार, हे सांगायला नारळ लागत नाही.

म्हणून यंदा मी पैज लावूनच बसलो. डोळे बांधून तीन ग्लास प्यायचे आणि कुठला कुठल्या बाटलीचा ते सांगायचं. तिन्ही बरोबर आले, तर रणधीरनं ग्रुपवर कबूल करायचं की बल्याची जीभ खरी.

रणधीर आज सकाळीच पुण्याहून गाडी हाणत आला होता, असं तो म्हणाला. बाटल्या उघडलेल्या होत्या. "व्हिस्कीला श्वास घेऊ द्यावा लागतो," तो म्हणाला. एक स्कॉटलंडची, एक जपानची, एक आयर्लंडची. एक फिकट, एक मधासारखी, एक गडद. खारे शेंगदाणे त्यानं लांब सरकवले. मिठानं म्हणे जीभ मरते. पाणी तर मी मागितलंच नाही, कारण पुढचं वाक्य मला पाठ होतं. "व्हिस्कीत पाणी घालणाऱ्या माणसाशी मी संबंध ठेवत नाही. तू पाणाड्या, तुला पाण्याशिवाय काही सुचत नाही."

त्यानं मोबाईल भिंतीला टेकवून चालू केला आणि माझ्या डोळ्यांवर उपरणं बांधलं. मी पहिल्या ग्लासात बोट बुडवून चार थेंब मातीत शिंपडले. दरवर्षी या चार थेंबांवर तो ओरडतो, अठरा वर्षं जपलेली दारू मातीत घालतोस म्हणून. यंदा काही बोलला नाही. मला वाटलं, माणूस सुधारला.

पहिला घोट घेतला. घसा जळाला, आणि जळून झाल्यावर जिभेच्या मागच्या टोकाला काहीतरी लागलं. गंजलेला खिळा चोखावा तसं.

दुसरा ग्लास. जाळ कमी, खिळा जास्त.

तिसऱ्यात तर नुसता खिळाच.

ती चव मी मेलो तरी विसरणार नाही. भूकंप झाला तेव्हा आम्ही दोघं तिसरीत होतो. गावातली घरं गेली आणि आमची दोन्ही कुटुंबं याच रानात पत्र्याखाली राहिली. धक्क्यानंतर रणधीरच्या विहिरीच्या पाण्याला ही चव आली. टँकर चुकला की त्याची आई, कस्तुराकाकी, तेच पाणी फडक्यानं गाळून आम्हाला पाजायची. नंतर त्या विहिरीला कुणी तोंड लावलं नाही. आता गावात विकतच्या पाण्याचा जार येतो. त्या विहिरीचं पाणी पिणारा कोण, तर ज्याला जारवाल्याला रानात बोलावता येत नाही तो. जारवाल्यानं बघितलं की गावानं बघितलं.

तीन देशांच्या दारूत एकाच विहिरीचं पाणी होतं. बाटल्या गेल्या वर्षीच्या, दारू इथल्या दुकानातली, आणि एकीत कमी, एकीत जास्त पाणी घालून तीन रंग केलेले. सकाळीच पुण्याहून आलेला माणूस हे एवढं सगळं कधी करणार?

"बोल की," रणधीरचा आवाज आला. "स्कॉटलंड कुठली?"

खरं सांगतो, मला आनंद झाला. सहा वर्षांचा हिशेब एका वाक्यात चुकता होत होता. मोबाईल चालू होता. अप्पा बघणार होते, सगळा वर्ग बघणार होता. दारू ओळखणारे ढीगभर असतील. दारूतली विहीर ओळखणारा मी एकटाच. वाक्य ओठावर आलं होतं.

मग "बोल ना रे," तो पुन्हा म्हणाला, आणि आवाज हलला. पट्टी बांधलेल्या माणसाला ते जास्त ऐकू येतं. मला रणधीरचा राग आला. त्याच्याहून जास्त माझा आला.

"पहिली जपान," मी म्हणालो. "दुसरी... दुसरीबी जपानच. तिसरीला शेळीचा वास येतोय. हरलो बाबा. बंद कर त्यो मोबाईल."

तो हसला, पण बाजेवरून पडला नाही. मोबाईल बंद झाल्याचा आवाज आला तशी मी पट्टी सोडली.

"रणध्या, कवापासनं राहतोस हितं?"

त्यानं हातातला ग्लास खाली ठेवला. इतका वेळ पुणेरी बोलणारा माणूस, एकदम गावाचा झाला. "दसऱ्यापासनं. कंपनीनं आमाला चाळीस जणांना एका दिवसात काढलं. बायकोला, निकिताला वाटतंय, म्या हैदराबादला ट्रेनिंगला हाय. दिवाळीला दोन दिस घरी जाऊन आलो, तर तिला मोत्यांची माळ बी नेली, हैदराबादची म्हणून."

"आन ही बाटल्यांची नाटकं कशाला?"

"तू वाट बघतोस की. दरसाल." मग तो म्हणाला, "व्हिडिओ पुसून टाकतो."

मला चार बोर दिसले, अप्पा दिसले, राजेश्वरीचं तोंड दिसलं.

"पुसू नको, टाक," मी म्हणालो. "यंदा व्हिडिओ आला न्हाय तर लोक इचारतील, रणधीर कुठं हाय."

त्यानं माझ्यासमोरच टाकला. पहिली शेळी शिवपुत्राची आली. आम्ही दोघांनी बघितली. मी शेंगदाण्याची वाटी मधे ओढली आणि उरलेली जपान दोन ग्लासांत सारखी ओतली.

"निकिताला फोन लाव आज," मी म्हणालो. "आन पुढच्या साली बाटलीत पाणी घालायचं झालं, तर माझ्या बोरचं ने. गोड हाय. तुमच्या विहिरीचं ओळखू येतंय."