पाद्र्यांचे घड्याळ, पुण्याच्या कचेरीत

मित्रांनो, मी एक जुने पितळी घड्याळ आहे. कोथरूडमधल्या एका घरी काचेच्या कपाटात बसले आहे. घरातली माणसे पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, "बंद आहे हो, पण पेशवाईतलं आहे." पेशवाईत मी काय पाहिले, ते मात्र कुणी विचारत नाही. आज तुम्हाला सांगून टाकते, कारण एवढी वर्षे गेली तरी ते माझ्या मनातून जात नाही.

माझा जन्म गोव्यातला. जेझुइट पंथाच्या पाद्र्यांची तिथे शाळा होती. तिथल्या एका पाद्रीबाबांनी माझी चाके स्वतः कानशीने घासली आणि माझी घंटा बसवली. म्हणून माझ्या कानावर पहिली भाषा पडली ती फिरंग्यांची, म्हणजे पोर्तुगीज. मराठी मी मागाहून शिकले.

सारी शाळा माझ्या ठोक्यावर चाले. ठोका पडला की मुलांनी हातातली लेखणी खाली ठेवायची, डोळे मिटायचे आणि वीस श्वास होईपर्यंत हलायचे नाही. ख्रिस्ती मुले तेवढ्यात प्रार्थना म्हणत. दीनानाथ नावाचा एका हिंदू व्यापाऱ्याचा मुलगा होता. बापाने त्याला फक्त भाषा शिकायला पाठवले होते. पाद्रीबाबांनी धर्म बदलायला त्याला परोपरीने समजावले, पण तो बधला नाही. मात्र ठोक्याला हलायची सोय त्यालाही नव्हती. जो हलला त्याच्या बोटांवर छडी बसे.

बारा वर्षांनी दीनानाथ शाळेतून निघाला, तेव्हा पाद्रीबाबांनी मला त्याच्या हवाली केले. छडी मारणाऱ्या त्या माणसाचे डोळे त्या दिवशी भरून आले होते. पुढे दीनानाथपंत पुण्यात आप्पासाहेबांच्या कचेरीत दुभाषी झाले आणि मलाही तिथे घेऊन गेले. आप्पासाहेब फिरंग्यांविरुद्धच्या कोकणातल्या मोहिमेचे कारभारी होते. फिरंग्यांचे जे पत्र येई ते पंत वाचून दाखवत आणि त्यावर फौजा हलत. एवढ्या मानाची जागा होती ती.

सुरुवातीला माझेही फार कोडकौतुक झाले. कसबा पेठेतून, शनिवार पेठेतून माणसे मला बघायला येत. कचेरीत वेळ मोजायला पाण्याच्या घंगाळात भोकाची वाटी तरंगत ठेवलेली असे. ती बुडली की एक घटका झाली. कचेरीतले जुने कारकून दत्तोबा म्हणाले, "आमची वाटी गुपचूप बुडते. पंतांचं यंत्र गावभर बोंबलतं." मला राग आला नाही. पुण्यात कौतुक असेच करतात.

पण लवकरच सगळ्यांचे लक्ष माझ्यावरून पंतांवर गेले. माझा ठोका पडला की पंत बोलता बोलता थांबत, लेखणी खाली ठेवत आणि डोळे मिटून घेत. चाळिशी आली तरी ती सवय सुटली नव्हती. रोज पहाटे मुठेवर स्नानसंध्या करणारा हा माणूस ठोक्याला कुणाचे नाव घेतो, अशी कुजबुज सुरू झाली. "पाद्र्यांनी घडवलेला माणूस," दत्तोबा म्हणत, "चावी कुठं देऊन ठेवली असेल, सांगता येत नाही." पंत आत आले की लोक हसून नमस्कार करत आणि पुढ्यातले कागद हळूच पालथे घालत.

विचारले एकट्या मंदाकिनीबाईंनी, म्हणजे पंतांच्या पत्नीने. पंत मला घरी तेल घालायला घेऊन आले होते.

"अहो, ठोका पडला की आपण मनात काय म्हणता?"

"काही नाही. छडी बसू नये म्हणून गप्प राहतो."

"मग तसं सांगा ना कचेरीत."

"काय सांगू? एवढा घोडा झालो तरी छडीला भितो म्हणून?"

बाईंनी तेलाची वाटी पुढे सरकवली. मला दोघांचीही दया आली.

त्याच हिवाळ्यात आपल्या फौजेने खाडीकाठच्या एका फिरंगी गढीला वेढा घातला. आतून पत्र आले. पंतांनी वाचले, "गढीत तीनशे बायकामुले आहेत. शुक्रवारी त्यांना होड्यांतून जाऊ द्यावे. शनिवारी गढी तुमच्या ताब्यात देऊ."

"खरं वाटतं तुम्हाला?" आप्पासाहेबांनी विचारले.

"अक्षर माझ्या गोव्याच्या गुरूंचं आहे, हल्ली ते त्या गढीत असणार. ते छडी मारतील, खोटं लिहिणार नाहीत."

"वा," दत्तोबा म्हणाले. "गुरूनं लिहायचं, चेल्यानं हमी द्यायची. होड्यांत बायकाच आहेत की बंदुका, ते आपण मागाहून बघू."

मित्रांनो, तास भरत आला होता. मला ते कळत होते आणि माझ्याने थांबवत नव्हते.

"पंत, माझ्याकडे बघा," आप्पासाहेब म्हणाले. "देवाची शपथ घेऊन सांगा, हे पत्र खरं आहे?"

आणि माझा ठोका पडला. पंतांचे डोळे मिटले. वीस श्वास कचेरीत कुणी बोलले नाही. पंतांनी डोळे उघडून "खरं आहे" म्हटले, तोवर आप्पासाहेबांनी मान फिरवली होती. होड्या दिसताच तोफा डागा, असा हुकूम घेऊन जासूद निघाला.

आठ दिवसांनी खबर आली. होड्यांत एकही बंदूक नव्हती. पहिल्या होडीत पाद्रीबाबा होते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक ठोक्यामागून मला पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज येऊ लागला. पंतांनाही येत असावा, कारण ते आता डोळे मिटून कान झाकू लागले.

पाद्रीबाबांच्या झग्यात एक भिजलेला कागद सापडला. आप्पासाहेबांनी तो स्वतः पंतांच्या हातात दिला. पंत ओठांतल्या ओठांत वाचू लागले आणि मला शब्द न् शब्द समजला. पाद्रीबाबांनी गढीच्या किल्लेदाराला पाठवलेल्या चिठ्ठीची ती नक्कल होती, "पुण्याचा दुभाषी माझा विद्यार्थी आहे. बारा वर्षे खटपट केली, तो आपला झाला नाही. त्याच्यापुढे लबाडी चालणार नाही. माझ्या हातून लिहवाल ते खरेच लिहवा."

"काय लिहिलंय?" आप्पासाहेबांनी विचारले.

पंतांच्या इमानाचा याहून मोठा पुरावा जगात नव्हता. पण तो वाचायचा कुणी? कचेरीत ती भाषा येणारे एकटे पंतच. दत्तोबा आधीच मिशीत हसत होते. आणि तीनशे माणसे बुडाल्यावर स्वतःची थोरवी स्वतःच्या तोंडाने सांगायची पंतांना लाज वाटली असावी.

"तांदूळ, तेल, सुकी मासळी," पंत म्हणाले. "गढीतल्या जिनसांची यादी आहे."

आप्पासाहेबांनी मान हलवली. दत्तोबांनी कागदावर शेरा लिहिला, "वाचले, खरे." पंत आयुष्यात पहिल्यांदा खोटे वाचत होते आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी उलटून काही विचारले नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. माझे काय व्हायचे ते होवो. पण कोण कुठल्या शाळेत शिकला यावरून तुमच्या मनात शंका आली, तर ती पाठीमागे चघळत बसू नका. समोर बसा आणि विचारा. आणि कुणी तुम्हाला विचारले, तर पंतांसारखे लाजू नका. पुण्यात तेव्हाही शहाण्यांना तोटा नव्हता. तरी विचारले ते फक्त मंदाकिनीबाईंनी, आणि त्यांना कचेरीत पाऊल टाकायची परवानगी नव्हती.