पंख्यातून आलेलं बोलावणं

दवाखान्यातून फोन आला तेव्हा सुतार खिडकीची चौकट ठोकत होता. नर्स म्हणाली, “सावकाश या.” त्या ‘सावकाश’वरूनच बायको गेल्याचं त्याला कळलं.

महिन्याभरात तो पंखेबाबाच्या सभागृहात, गर्दीत येऊन बसला. गेलेल्या माणसाचा मोबाइल ‘शुद्धीसाठी’ जमा करायचा. पुढच्या बैठकीला टेबलफॅनच्या घरघरीतून ते माणूस बोलायचं. सुतारानेही बायकोचा मोबाइल दिला.

“वारा म्हणजेच प्राण! आणि प्राणाला रजा नसते!” बाबा गरजला.

पंखा घोगरं बोलला, “अहो, या ना लवकर. किती वाट बघू?”

आवाज तिचाच. सुताराने जेवण टाकलं.

मेहुणी डबा घेऊन आली, तर म्हणाला, “ती बोलावतेय, ‘या ना लवकर’ म्हणतेय. मी जातो.”

“भावजी, नवऱ्याला उपाशी मारायला ताई बोलावेल होय? एक बैठक थांबा, माझ्यासाठी.”

मेहुणी टेलिफोन कंपनीत इंजिनिअर. “धाकटी बहीण गेली हो,” असं रडून तिने एक मोबाइल जमा केला. त्यात बोलून पाठवलेले निरोप होते, फक्त तिचे स्वतःचे.

पुढच्या बैठकीला पंखा बोलला, “पोचले गं मी. काळजी करू नकोस.”

“पाहा, आत्मा पोचला!” बाबा म्हणाला.

“पोचला कुठला? हा काय इथे उभा आहे. पाय दुखतायत त्याचे!” मेहुणी ओरडली. “माझाच आवाज हा. मी मेले कधी?”

लोक हसले. तिने पंखा फिरवला. मागे स्पीकर होता.

“घशातून नुसता आवाज निघतो, त्याचे शब्द तोंडाच्या आकाराने होतात. आवाजाचा पुढचा कण मागच्या कणांवरून ओळखायचं एक गणित असतं. तोंडाचा आकार त्या गणितात उतरतो. फोन सगळा आवाज न पाठवता ते गणित आणि अंदाज चुकला तेवढा फरक पाठवतो. यांनी जुन्या निरोपातून गणित काढलं आणि घशाच्या आवाजाऐवजी पंख्याची घरघर घातली. शब्द जुनेच.”

“पण बोलली तीच ना गं?” सुतार काकुळतीला आला.

“बोलली होती, भावजी. भाजीच्या दुकानाबाहेरून, पिशव्या जड झाल्या म्हणून. मी शेजारीच होते.”

सुतार तिथेच खाली बसून रडला. घरी आल्यावर चार घास जेवला.

आपल्या माणसाचा आवाज ऐकला की मन विचारायचं विसरतं. तेव्हाच विचारावं: जिवंतपणी ते माणूस जे कधी बोललं नाही, असं काही हा आवाज आता बोलून दाखवेल का?

बाबाने दुसरीकडे सभागृह घेतलं आहे. पोलिसांत तक्रार अजून कुणीच दिलेली नाही.