मिनायो खडकावर बसते

शनिवार उजाडला की मिनायोचं डोकं फिरायचं. तिचा नवरा मुडाकी, गावच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक, पहाटेच बायबल काखोटीला मारून टेकडीवरच्या मोठाल्या खडकांत जाऊन बसायचा. देवाचं ऐकायला. खाली लोकांचं ऐकायला उरायची ती मिनायो.

त्या शनिवारी तर कहर झाला. चर्चच्या वरिष्ठ समितीचे पाहुणे दुपारी जेवायला यायचे होते. पिंपात पाणी नाही, लाकडं फोडलेली नाहीत, आणि कोंबडा अजून अंगणात ऐटीत फिरतोय. पाहुण्यांच्या ताटात कोंबडा नसला तर केनियाच्या या मारागोली मुलखात तोंड दाखवायची सोय नाही, आणि कोंबडा कापायचा तो घरच्या पुरुषानं.

"वहिनी, दादा कुठाय?" भाजी निवडता निवडता नणंद कागेहानं विचारलं.

"तुझा दादा स्वर्गात आहे. जिवंतपणीच पोचलाय."

तेवढ्यात फोन वाजला. नैरोबीहून लेकीचा, कवायाचा. "आई, थोडा वेळ आहे का गं?"

"वेळ? आज? नंतर कर गं बाई," म्हणत मिनायोनं फोन कमरेला खोचला. आठवडाभर लेकीचा फोन आणि तिचं 'नंतर', हेच चाललं होतं. मग तिनं कोंबड्याला पाय धरून उचललं, दुसऱ्या हातात सुरी घेतली आणि तरातरा टेकडी चढायला लागली.

मुडाकी डोळे मिटून खडकावर बसला होता. कोंबड्यानं कलकलाट केला तसा दचकला.

"अहो! झालं का ऐकून?"

"हळू गं."

"हळू कशाला? देवाला काय कमी ऐकू येतं? इतकी वर्षं इथे ऐकत बसताय. एकदा तरी तो म्हणाला का, 'मुडाकी, ऊठ, बायकोला दोन कॅन पाणी आणून दे'?"

मुडाकीला खोटं बोलणं जमत नसे. तो खाली बघत म्हणाला, "खरं सांगू? बऱ्याचदा तो काहीच म्हणत नाही."

"काहीच नाही?" मिनायोचा आवाज चिरकला. "मग इथे येऊन करता तरी काय?"

"बसतो. आठवडाभर हा येऊन भांडण सांगतो, ती येऊन रडते. इथे आलो नाही तर मी त्यांच्यावर खेकसायला लागतो. जरा बसलं की पुन्हा माणसांचं ऐकावंसं वाटतं."

"आणि मी खेकसते, त्याचं काय?"

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू शेवटची कधी बसलीस?"

हे म्हणजे आगीत तेल. "मी बसले तर पाहुणे काय खडक चावतील?"

मुडाकी उठला. तिच्या हातातला कोंबडा घेतला, सुरी घेतली. "तू बस. मी बघतो."

"तुम्ही? तुम्हाला मीठ कुठंय ते तरी माहितीय का?"

"कागेहाला विचारीन," म्हणून तो उतरायला लागलासुद्धा.

मिनायो बसली ती गुडघे दुखत होते म्हणून. प्रार्थनेला हात जोडले आणि तोंडातून निघाली ती तक्रार. "प्रभू, आजाऱ्यांना जेवण कोण नेतं? मयताच्या घरी चहा कोण करतं? तुझंच काम करते ना मी? मग हा माणूस भक्त आणि मी नुसती कटकटी, असं कसं?" बराच वेळ तिनं देवाला फैलावर घेतलं. खालून कुऱ्हाडीचे वेडेवाकडे घाव ऐकू आले, तशी ती अर्धी उठली. "मरू दे," म्हणून परत बसली.

हळूहळू रागाचे शब्दच संपले. वारा तेवढा राहिला. आता देव काहीतरी मोठं बोलेल म्हणून ती कान देऊन बसली. पण आठवलं काय, तर, "आई, थोडा वेळ आहे का गं?"

"हे नको रे, तुझं काय ते सांग," ती वैतागून म्हणाली. पुन्हा तेच. आणि आता कुठे तिच्या ध्यानात आलं, पोरीचा आवाज दाटलेला होता.

तिनं फोन लावला. कवाया हुंदके देऊ लागली. ती कामाला होती ते दुकान बंद पडलं होतं, मैत्रिणीकडे राहत होती. "सांगायचं होतं गं, पण तू कायम घाईत."

मिनायोच्या जिभेवर चार सल्ले आले होते. तिनं ते गिळले आणि पोरीचं बोलून होईपर्यंत ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाली, "घरी ये."

ती खाली आली तेव्हा पाहुणे जेवत होते. मक्याच्या पिठाची घट्ट उगाली, तिच्यात गुठळ्या, आणि सगळ्यांत वयस्क पाहुणे एकच तुकडा केव्हापासूनचा चघळत होते. मुडाकीच्या नाकाला काजळी. स्वयंपाकघरात कागेहा पोट धरून हसत होती. मिनायोचा हात पळीकडे गेला. तिनं तो मागे घेतला, ताट वाढून घेतलं आणि पाहुण्यांच्या शेजारी जाऊन बसली. यापूर्वी ती पाहुण्यांसोबत कधी जेवली नव्हती.

पाहुणे गेल्यावर तिनं कवायाचं सांगितलं. भांडी घासता घासता मुडाकीचा हात थांबला.

"मला कसं काही कळलं नाही?"

"फोन घरी टाकून जाता, कळणार कसं?" ती म्हणाली. मग जरा मऊ होऊन, "मी तरी कुठे ऐकत होते? आता ऐका. पुढच्या शनिवारी वर मी जाणार."

"आणि माझी प्रार्थना?"

"तुमची त्याच्या पुढच्या शनिवारी. पण पाणी भरून, लाकडं फोडून मगच वर जायचं. आणि अहो, पातेलं असं घासतात का? तळ घासा, तळ!"