रक्ताला आधी कळलं

कुरुंद्याच्या पद्माबाईला शौचातून रक्त जायचं. मूळव्याध समजून तिनं ते नवऱ्यापासूनही लपवलं. शेवटी हळद काढताना ती वावरातच चक्कर येऊन पडली. नवऱ्यानं, रामजी गुरुजींनी, तिला वसमतच्या डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांच्या सांगण्यावरून मुंबईला. मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ निघाली. ती कापून काढली. ही एकोणीसशे सत्त्याहत्तरची गोष्ट.

घरी सोडताना तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अशा गाठीतून एक प्रथिन रक्तात उतरतं. ते मोजायची तपासणी नवीनच आली आहे. ऑपरेशनआधी ते खूप होतं, आता उतरलंय. पण अधूनमधून रक्त द्यायला या. ते पुन्हा चढलं, तर बहुतेक गाठ कुठंतरी परत आली, असं समजायचं."

पद्माबाई सुधारली. गाल भरले, भाकरी गोड लागू लागली. पुढच्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली तशी दोघं पुन्हा मुंबईला गेली. प्रथिन वाढलं होतं. चूक नको म्हणून डॉक्टरीणबाईंनी काही दिवसांनी परत रक्त घेतलं. ते आणखीच चढलेलं निघालं.

"पोट उघडून पाहता येईल," त्या म्हणाल्या. "पण यकृतात पसरलं असेल तर आमच्या हाती फारसं काही नाही."

"मला तर कुठंच दुखून न्हाई राहिलं," पद्माबाई म्हणाली. "रक्ताला कळलं अन् मला न्हाई?"

"रक्ताला आधी कळतं, बाई."

"मंग आधी कळून मी काय करू?"

पद्माबाईनं ऑपरेशनला नकार दिला. परतीच्या गाडीत ती म्हणाली, "मला डोंगरकड्याला जायचंय. आक्काच्या गावाला."

थोरली बहीण जनकाबाई तिच्याशी कित्येक वर्षं बोलत नव्हती. नवरा-बायको गेली तेव्हा जनकाबाई दारात शेळीला पाला टाकत होती. गुरुजी अंगणातच थांबले.

"आक्का, माझं दुखणं परत आलं. आता मी जास्त दिवस न्हाई."

"कुठं दुखतं?"

"दुखत न्हाई. रक्तात दिसलंय."

जनकाबाईनं तिचे भरलेले गाल न्याहाळले. "माय हितं खाटंवर तडफडत व्हती. तुला सांगावा धाडला. तू आलीस ते मातीला. अन् आता धडधाकट अंगानं मरायची गोष्ट सांगतीस?"

"मला वाटलं, साधा ताप असंल. चुकलं माझं, आक्का."

"बाई, बराबर तपासलंय त्यांनी," गुरुजी म्हणाले.

जनकाबाई घरात गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही.

पावसाळा गेला. ज्वारी हुरड्यात आली तेव्हा पद्माबाईच्या उजव्या बरगडीखाली कळ उठू लागली. डोळे पिवळे झाले, अन्न तुटलं. गुरुजींनी निरोप पाठवला. जनकाबाई त्याच दिवशी एसटीनं आली आणि बहिणीच्या उशाशी बसली.

"तू सांगत व्हतीस अन् मी नुसती तुझ्या गालाकडं बघत व्हते."

"तुला काहून बोल लावू? मला तरी कुठं खरं वाटलं व्हतं."

जनकाबाई मग तिथंच राहिली. तिनं बहिणीला पेज भरवली, कुशीवर वळवलं, लुगडी धुतली. एका दुपारी पद्माबाईनं विचारलं, "मायचं शेवटी कसं झालं? सगळं सांग."

जनकाबाईनं काही झाकलं नाही. माय काय खायची, कशी कण्हायची, सगळं सांगितलं.

"माझं नाव घेतलं का?"

"घेतलं. दाराकडं बघायची सारखी."

पद्माबाई तोंडावर पदर घेऊन रडली. जनकाबाईनं तिला रडू दिलं, नुसता हात पाठीवर ठेवला.

आठवडाही गेला नाही. सकाळी ऊन अंगणात उतरत असताना पद्माबाईचा श्वास थांबला. गुरुजी भिंतीला टेकून उभे राहिले. जनकाबाईनं बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं, तिचे केस सोडले आणि गुंता ओढला जाऊ नये म्हणून हळूहळू विंचरू लागली.