विंझरच्या ओढ्यातली वाळुंजं

३ जून २००३, सकाळी साडेसात. ओढा रुंद करायला आलेल्या जेसीबीने काठची वाळुंजाची अकरा झाडं उपटली. सखूबाई धावत पोचल्या तोवर त्यांच्या भातखाचराचा बांध उघडा पडला होता; त्याची माती त्या मुळांनीच धरून ठेवली होती.

"मावशी, वरडू नका. फांद्या माळावर लावल्यात की," मुकादम धनाजी म्हणाला.

"मुरमात? मुडद्या, वाळुंजाचे पाय पाण्यातच लागत्यात! आता मासं बी माळावर सोड जा!"

ड्रायव्हर फिदीफिदी हसला. सखूबाई तरातरा माळावर गेल्या, सगळ्या फांद्या उपसून आणल्या आणि बांधाखालच्या ओल्या चिखलात दात-ओठ खात रोवल्या.

जुलैअखेर निम्मा बांध वाहून गेला आहे. सात फांद्यांना पालवी आहे.