केरोसीनची काळी नळी

मी केरोसीन वाहून नेणारी काळी नळी. कोकणातल्या आचरा गावच्या सत्यवानाच्या होडीत, टाकीपासून इंजिनापर्यंतच्या वाटेवर, माझे आयुष्य गेले. आता थकले आहे, थोडक्यात सांगते.

माझा जन्म झाडाच्या चिकातून झाला नाही. खनिज तेलापासून काढलेली दोन रसायने कारखान्यात एकत्र आली. त्यांत गंधक आणि काजळी मिसळून मला भाजले गेले. आमच्या जातीला नायट्राइल रबर म्हणतात. झाडाचे रबर तेलात फुगते, आम्ही टिकतो. पेट्रोल पंपाची नळी, यंत्रातले तेल अडवणारी कडी, कामगाराचा हातमोजा ही माझीच भावंडे.

उणीव आमच्यातही आहे. ऊन आणि मोकळी हवा आम्हांला सोसत नाही. त्यात दुमडून ठेवले, तर अंगावर भेगा पडतात. दुकानदाराने हे सत्यवानाला सांगितले होते. त्याने मान डोलावली होती.

चार वर्षे मी इमानाने सेवा केली. यंदा जूनमध्ये मासेमारी बंद झाली. सत्यवानाने इंजिनाला तेल चोळले, गोणपाटात गुंडाळून माजघरात ठेवले. मला मात्र पडवीबाहेरच्या खिळ्याला घट्ट दुमडून बांधले. दोन महिने मी तशीच होते. माणूस मोठ्या वस्तूची पूजा करतो आणि लहान वस्तूला विसरतो.

नारळी पौर्णिमेला त्याच्या पत्नीने, सुभद्रेने, मला खिळ्यावरून सोडवले.

"ओ, नळयेक भेगो पडलेत. नवी घाला."

"अगो, गेल्या साली चलली, औंदा चलतली. तू दर्यार येतंस काय?"

"मी येणंय नाय. पण किनाऱ्यार वाट बगीत मीच उभी रवतंय."

तो हसला. मग किनाऱ्यावर नारळ ठेवून त्याने गाऱ्हाणे घातले, "बा देवा महाराजा, ह्या होडयेक, ह्या इंजनाक सांभाळ रे महाराजा!"

"होय महाराजा!" सारे म्हणाले. त्या प्रार्थनेत खोट नव्हती. खोट माझ्या अंगात होती, आणि ती त्याला दाखवून झाली होती.

सत्यवानाने मला पुन्हा इंजिनाला जोडले आणि तिसऱ्या दिवशी होडी समुद्रात गेली. सोबत सुभद्रेचा भाऊ बाबू होता. गावातली फाटकी जाळी त्याच्याच बोटांनी सांधली जात. सकाळी परतताना खडपाजवळ, म्हणजे पाण्यातल्या खडकांजवळ, माझी भेग उघडली. केरोसीनऐवजी मी हवा ओढू लागले.

"भावोजी, इंजिन वारो खाता!" बाबू ओरडला.

इंजिन बंद पडले. लाटेने होडी खडकाकडे लोटली. बाबूने वल्हे खडकाला टेकवून होडी रोखली. वल्हे निसटले आणि त्याचा उजवा हात होडीची कड व खडक यांच्यामध्ये चिरडला. मालवणच्या दाऊदची होडी जवळून जात होती. दोर फेकताना तो म्हणाला, "रे सत्यवाना, नारळ दिलंस आणि नळी बगूक इसारलंस?" बाबूचा हात दिसताच त्याने घाईने दोर आवळला.

दोघांचे प्राण वाचले. बाबूची तीन बोटे आता वळत नाहीत.

बाबू दवाखान्यातून त्याच्या घरी आल्यावर सत्यवान सुभद्रेसह भेटायला गेला. "दुकानदारान माल खोटो दिल्यान," तो म्हणाला. मी निर्जीव, माझ्या बाजूने बोलणार कोण? सुभद्रा उठली, घरी गेली आणि मला घेऊन आली. तिने मला भावाच्या डाव्या हातात दिले.

बाबूने मला वाकवून पाहिले. फुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना, दुमडीवर, भेगांची रांग होती. त्यांत पडवीची धूळ बसली होती.

"ह्यो भेगो जुनेत, भावोजी."

मग सत्यवानाने मान खाली घातली.

"चूक माजी, बाबू. तुज्या भयणीन माका सांगितल्यान होता."

बाबूने मला जमिनीवर ठेवले आणि डाव्या हाताने चहाचा पेला उचलला. चहा सांडला. सत्यवान उठून तो पुसू लागला.

आता मी भंगाराच्या पोत्यात आहे. माझ्याबद्दल हळहळू नका. नळी बदलता येते. देवापुढे हात जोडण्याआधी त्याने दिलेल्या डोळ्यांनी एकदा पाहा. आणि पाहूनही चुकलात, तर सत्यवानाने शेवटी म्हटले तसे 'चूक माजी' एवढे तरी म्हणा. तो मात्र फार उशिरा बोलला.