मालनबाईची फेरनिवड

गावसभा पंधरा ऑगस्टची, आन अभिनंदनाचं बॅनर चौकात लागलं चौदाच्या संध्याकाळी. सांगा आता! "तंटामुक्त समितीच्या अध्यक्षपदी फेरनिवड झाल्याबद्दल मा. मालनबाई यांचे हार्दिक अभिनंदन." खाली शुभेच्छुक म्हून तिचा पोरगा सुगत आन त्याचे दोस्त, सारे काळे चष्मे लावून. निवड व्हाचीच होती अजून. झेंडावंदनही व्हाचं होतं.

मालनबाई म्हणजे माही मोठी जाऊ. समितीची अध्यक्ष झाली तवापासून उतरलीच नाही. गावातलं भांडण ठाण्यात जाऊ नये, गावातच मिटावं, म्हून ही समिती. शेताच्या धुऱ्याचं भांडण, धानाच्या बांधीतल्या पाण्याचं भांडण, पळून गेलेल्या पोरापोरीचं लग्न, सारं हिच्यापुढं येते. लग्न लावलं का पेपरात फोटो येते. मधात जोडपं, बाजूले आमची बाई, हार घालून. नवरीपेक्षा हीच जास्त सजलेली.

आन निवड कशी होते ते ऐका. सरपंच यादोराव उभे राहतेत, मालनबाईच राहू द्या म्हणतेत, पुढच्या रांगेतले टाळ्या वाजवतेत. शाल आधीच आणून ठेवली असते. झालं! दुसऱ्या कोणाले व्हाचं आहे का, कोणी विचारत नाही. सालभर काय केलं, कोणी सांगत नाही.

माह्या पोटात दुखते. दुखते तं दुखते, लपवू कशाले? आम्हा दोघींची घरं लागून, मधात एक कुंपण. सकाळी मी आंगण झाडत असतो, आन रस्त्यानं जाणारा माणूस तिच्या दाराकडे पाहून "जयभीम बाई" म्हणते. मी झाडू घेऊन समोर उभी, पण मी जशी दिसतच नाही त्याले. घरात तरी काय वेगळं? माहा नवरा डोमा, हक्काचा माणूस, पोरीसाठी स्थळ आलं तं म्हणते, वहिनीले विचारून पाहू. अरे, मी काय मेली का?

या उन्हाळ्यातली गोष्ट सांगतो. इश्वर आन कैलाश हे दोघं भाऊ, बोअर एकच, आन उन्हाळी धान दोघायचेही. पाण्यावरून असे भांडले का एकमेकाचं तोंड पाहत नव्हते. समिती बाईच्या ओसरीत बसली. एकदा बसली, दोनदा बसली, काही जमलं नाही. तिसऱ्यांदा मी चहा घेऊन गेली आन मी म्हटलं, अरे एक दिवस तू मोटर लाव, एक दिवस तो लावन, इतक्यात कोणाचे धान वाळतेत? मग तसंच ठरलं. आन पेपरात फोटो कोणाचा? बाईचा! माहा हात आहे त्या फोटोत, ट्रे धरलेला. बाकीची मी फोटोबाहेर.

म्हून बॅनर पाहून माह्या डोक्यात सणक गेली. तशीच खुशबूकडे गेली मी. खुशबू म्हणजे आमच्या गल्लीची पोट्टी, भंडाऱ्याले कॉलेज शिकून आली, आता गावातल्या लेकरायची शिकवणी घेते. तिनं मले सारं समजावून सांगितलं. गावसभेत कोणीही नाव देऊ शकते, झालेल्या कामाचा अहवाल मागू शकते, हात मोजाले लावू शकते. मले तं कोणी तिजोरीची किल्ली दिल्यासारखं झालं. उभं राहून कसं बोलाचं तेही तिनं माह्याकडून म्हणून घेतलं. निघताना तिनं विचारलं, काकू, खरंच कोणीही उभं राहिलं तं चालन ना? मी म्हटलं, काहून नाही चालणार? गाव का कोणाच्या एकट्याचं आहे? मले वाटलं, माह्याचसाठी विचारून राहिली.

दुसऱ्या दिवशी झेंडा झाला, जिलेबी वाटून झाली, आन ग्रामपंचायतीच्या आवारात सभा बसली. धानाची रोवणी आटोपली होती, म्हून गर्दी भल्ली होती. टेबलावर नारळ, त्याच्या बाजूले शाल. बाई खुर्चीवर, मी सतरंजीवर. पाण्याचा विषय झाला, नालीचा झाला, आन यादोरावनं गळा साफ केला. मी उठली. खुशबूनं म्हणून घेतलं होतं तसंच म्हटलं.

"सरपंचसाहेब, चौकात बॅनर लागलंच आहे, तं आम्ही इथं कशाले आलो? सालभर काय काम केलं ते आधी सांगा. कोणाकोणाले उभं राहाचं आहे ते साऱ्यायपुढं विचारा. आन हात मोजा. मोजून मालनबाई आली, तं पयला हार मी घालीन."

हाराचं खोटं होतं. बाकी सारं खरं होतं.

मग बचत गटाची मंदाबाई मागून म्हणाली, बरोबर बोलून राहिली ललिता. मग आणखी दोघी बोलल्या, मग माणसंही मान हलवाले लागले. यादोरावचं तोंड पाहाण्यासारखं झालं होतं. मले इतकं बरं वाटलं म्हून सांगू! मी बाईकडे पाह्यलं. म्हटलं, आता उतरन हिचा रंग. पण ती आरामात पदर सारखा करून राहिली होती. मग उठली.

"सुगतनं बॅनर लावलं ते चुकलं," बाई म्हणाली. "मी या साली उभी राहत नाही. ललिता बोलली ते रास्त आहे. तिलेच अध्यक्ष करा."

आन बसली. अशी आहे ती! मी भांडून घ्याले गेली होती, आन हिनं जुनं लुगडं काढून द्यावं तसं देऊन टाकलं. मले तं रडूच येऊन राहिलं होतं रागानं. पण लोकायनं टाळ्या वाजवल्या. ती काहीही बोलली तरी वाजवतेत ते. यादोरावले तं सुटल्यासारखं झालं, त्यानं पटकन शाल उचलली.

मी म्हणू शकत होती, असं नको, हात मोजा. ओठावर आलंही होतं. पण शाल हिरव्या काठाची होती, आन सारं गाव माह्याकडे पाहून राहिलं होतं.

तेवढ्यात सतरंजीवरून एक हात वर झाला. खुशबूचा.

"सरपंचकाका, मलाही माझं नाव द्यायचं आहे," ती म्हणाली. "समितीनं सालभरात काय करावं ते मी विचार करून ठेवलं आहे. दोन मिनिटं बोलू द्या."

टाळ्या थांबल्या. साऱ्या बायकायनं माना वळवल्या. त्यायचे लेकरं हिच्याचकडे शिकवणीले जातेत. मंदाबाईचा नातू हिच्यामुळं पास झाला, तिचा हात कुठं जाणार हे सांगाची गरज नव्हती. पोट्टे तं सारे तिकडेच गेले असते. माह्याकडे कोण राहिलं असतं? डोमा. तोही वहिनीले विचारून.

यादोराव लबाड आहे. शाल हातात धरून मले म्हणाला, "ललिताबाई, हात मोजा हे तुम्हीच म्हटलं. मोजू का?"

सारी सभा माह्या तोंडाकडे पाहाले लागली. पयल्यांदा, माह्या साऱ्या जन्मात पयल्यांदा, गाव माह्या शब्दासाठी थांबलं होतं. बाईही पाहून राहिली होती. खुशबूचा हात वरच होता, आन ती माह्याकडे पाहून हसून राहिली होती, मी हो म्हणनच असं धरून.

"लोकं सकाळपासून बसले आहेत, यादोरावभाऊ," मी म्हटलं. "आता किती ताणाचं?"

मी मान समोर केली. शाल अंगावर आली. टाळ्या वाजल्या, पण आधीसारख्या नाही. खुशबूचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग खाली गेला. पेपरवाल्यानं मले मधात उभं करून फोटो काढला. या खेपेले पुरी आली मी.

आन माहं काय चुकलं, सांगा? पोट्टी कालची आहे. पुढच्या साली राहन उभी. मी काय तिले अडवलं? वेळ झाला होता, लोकायले घरी जाचं होतं. मंदाबाई म्हणते, तू एका दिवसात यादोराव झालीस. म्हणू दे. तिच्या पोटात दुखत असन.

पण त्या दिवशी काय झालं ते सांगतो. बाईनं खुर्ची मले मोकळी करून दिली आन सतरंजीवर जाऊन खुशबूजवळ बसली. तिच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी विचारलं. पोट्टी आधी खालीच पाहून राहिली, मग बोलाले लागली, बोटायवर मोजून मोजून एकेक सांगाले लागली. बाई ऐकून राहिली होती. मंदाबाई सरकून तिकडे गेली. मग आणखी दोघी गेल्या. मग कैलाश जाऊन उभा राहिला, ज्याचं पाण्याचं भांडण मी मिटवलं तो कैलाश.

मी खुर्चीवर होती, शाल पांघरून. तिकडे काय बोलणं चाललं ते मले ऐकू येत नव्हतं, आन पोटात असं दुखून राहिलं होतं का विचारू नका.